स्टुडिओ, डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा कागद

(ऑडिओ भागाचा मजकूर. बोलताना जे पुन्हा पुन्हा आलं ते थोडं कापलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात मी सहज बोलून गेले की आता कोरेगाव पार्कात एकटी राहते. त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका. निम्म्या लोकांचा प्रश्न, "पगार किती वाढला?" उरलेल्यांचा, "घर कसं मिळालं, आम्हाला पण सांग." पगाराचं जाऊ द्या. घराचं सांगते. पण घर कसं मिळालं यापेक्षा घराचा कागद कसा झाला, हे मला जास्त सांगायचंय. कारण पुण्यात घर मिळतंच, थोडं भटकावं लागतं इतकंच. पैसे बुडतात ते कागदात.

आधी सांगून टाकते, मी वकील नाही. बीटेक केलंय, कोड लिहिते. पण एकदा चाळीसेक हजार गेल्यावर माणूस कायदा वाचायला लागतो.

तर झालं असं. पुण्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून टू बीएचके घेतला होता. एरिया सांगत नाही, मालकाचं नाव तर अजिबात नाही. डिपॉझिट ७५ हजार, म्हणजे माणशी २५. मालक म्हणाले, "रजिस्टर-बिजिस्टर कशाला, उगाच खर्च. ५०० च्या स्टॅम्पवर करू, नोटरीचा शिक्का मारू, झालं." आम्हाला काय, खर्च वाचतोय म्हणून आम्ही खूश. आपल्याकडे नोटरीचा तो लाल गोल शिक्का बघितला की सरकारी काम झाल्यासारखं वाटतं ना, तसं.

घर सोडताना आम्ही एक महिना आधी सांगितलं. मालक म्हणाले, दोन महिने आधी सांगायचं ठरलं होतं. कुठे ठरलं होतं? तर तोंडी. कागदावर नोटिशीचं काही लिहिलेलंच नव्हतं. मग एका महिन्याचं भाडं कापलं, पेंटिंगचे कापले, डीप क्लीनिंगचे कापले, आणि सोफ्याला डाग पडला म्हणून वेगळे कापले. तो सोफा आम्ही आलो तेव्हाच डागाळलेला होता, पण फोटो कुणी काढलाय? ७५ मधले ३१ हजार हातात आले. तिघींत वाटून घेतले आणि गप्प बसलो.

आता यातली गंमत सांगते, मला ती दोन वर्षांनी कळली. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं की घराचा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवलेला म्हणजे दुय्यम निबंधकाकडे. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. आणि नोंदणीची जबाबदारी कुणाची? मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात पुढे आणखी एक वाक्य आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

परत ऐका. भाडेकरू म्हणेल ते खरं. म्हणजे एक महिना की दोन महिने, या भांडणात आमचं म्हणणं वरचढ होतं. पण ते आम्हाला माहीत नव्हतं. मालकालाही नसेल कदाचित. आता चाळीसेक हजारांसाठी आम्ही कोर्टात गेलो असतो का? नसतो गेलो. पण त्या दिवशी सोफ्याकडे बघत बसण्याऐवजी समोरच्याला एवढं एक वाक्य ऐकवता आलं असतं, तर आकडा नक्की बदलला असता, असं मला वाटतं.

असो. तो विषय तिथे संपला. मग मी एकटीसाठी शोधायला लागले. कारण सांगते, माझे कॉल रात्री असतात. अमेरिकेतली टीम उठते तेव्हा माझ्या रूममेट झोपतात. तीन वर्षं मी बाथरूमच्या दारात बसून कुजबुजत मीटिंग केल्यात. एकदा मॅनेजरनं विचारलं, तू आजारी आहेस का, आवाज असा का? (हसते.) तेव्हाच ठरवलं, खोली छोटी चालेल पण दार आपलं पाहिजे.

स्टुडिओ अपार्टमेंट म्हणजे काय? आमच्या जालन्याकडे त्याला साधा शब्द आहे, खोली. पेठेत असली तर वन आरके. कोरेगाव पार्कात गेली, भिंतीला राखाडी रंग लागला, छतात पिवळे दिवे आले की स्टुडिओ. खरा फरक एकच, वन आरकेमध्ये स्वयंपाकघराला निदान भिंत असते. स्टुडिओत ओटा, पलंग आणि ऑफिसचं टेबल एकमेकांकडे बघत बसलेले असतात. मी पहिल्या रविवारी लोखंडी तव्यावर मिरच्या भाजून ठेचा केला. चार दिवस माझ्या उशीला ठेच्याचा वास येत होता. तेव्हा स्टुडिओ बघायला जाल तर ओट्यावर एक्झॉस्ट आहे का, तो बाहेर उघडतो की नुसता दाखवायला लावलाय, आणि ओल्या कपड्यांना जागा कुठे, एवढं आधी बघा. जिम आणि स्विमिंग पूल नंतर. वर्षभरात मी त्या पूलमध्ये एकदाही उतरले नाही.

एरियाचं म्हणाल तर, हो, छान आहे. जुने वड आहेत, त्यांच्या पारंब्या रस्त्यावर लोंबतात. एकेकाळी इथे संस्थानिकांचे बंगले होते, १९७४ ला ओशोंचा आश्रम आला, मग परदेशी लोक आले, मग कॅफे आले, आता आमच्यासारखे लॅपटॉपवाले आलेत. बंडगार्डनला मेट्रो पकडायची, रामवाडीला उतरायचं, तिथून खराडीला रिक्षा. मला परवडतं म्हणून मी इथे आले असं नाही. दोन वर्षं तरी शांत झोप आणि स्वतःचं दार यासाठी पैसे द्यायचे, असं मी ठरवलं. उधळपट्टी आहे का? थोडी आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं ४०० स्क्वेअर फूट. मी घरून टेप घेऊन गेले होते. ब्रोकर जरा विचित्रच बघायला लागला. खोली भरली ११ बाय १९, बाथरूम ४ बाय ७. म्हणजे सगळं मिळून २४० च्या आतच. मग ४०० कुठून आले? तर जिना, लिफ्ट, लॉबी, सगळ्यातला माझा वाटा धरून. २०१६ च्या रेरा कायद्यानं घर विकताना बिल्डरला कार्पेट एरिया सांगावा लागतो, भाड्याच्या जाहिरातीकडे मात्र कुणी बघत नाही. पण टेपचा एक फायदा झाला. भाडं ३० सांगितलं होतं, ते २७ वर आलं.

इथे एक छोटी सूचना, मग पुढे जाऊ. शोधताना मला दोनदा फोन आले, "मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग हो गई है, टोकन भेज दीजिए, क्यूआर स्कॅन कीजिए." फ्लॅटचे फोटो इतके सुंदर की हातच थरथरावा. घर बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. आणि आपल्याला पैसे मिळायचे असतील तेव्हा यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

तर मालकीणबाई. मी त्यांना काकू म्हणते. निवृत्त आहेत, स्वतः शहरात राहतात, हा स्टुडिओ त्यांनी पेन्शनला जोड म्हणून घेतला होता. पहिल्या भेटीत त्यांनी मला चहा दिला आणि पाऊण तास प्रश्न विचारले. कुठली, कोण कोण घरी, लग्न कधी, रात्री किती वाजता येणार. मला राग आला. पण मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांचा पेठेत वाडा होता. त्यात साठच्या दशकापासून एक बिऱ्हाड. भाडं महिना ३५ रुपये. सासरे गेले, नवरा गेला, वाडा पडायला आला, बिऱ्हाड आहे तिथंच. "घर आमचं, पण आम्ही त्यात पाऊल टाकू शकत नाही," म्हणाल्या.

मी घरी येऊन वाचत बसले आणि मला कोडं सुटल्यासारखं झालं. आपण सगळे म्हणतो ना, अकरा महिनेच का? बारा का नाही? इतर बऱ्याच राज्यांत याचं सरळ कारण आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिने केले की नोंदणी टळते. पण महाराष्ट्रात तर अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. मग आपल्याकडे अकराची सवय कशी राहिली? आणि त्याला 'भाडं' न म्हणता 'लीव्ह अँड लायसन्स' का म्हणतात?

याचं उत्तर मालकाच्या भीतीत आहे. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला तेव्हा भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य. त्या काळात ते गरजेचंही होतं, लोकांना डोक्यावर छप्पर नव्हतं. मग मालकांनी शब्द बदलला. हा भाडेकरू नाही, याला मी फक्त राहायची परवानगी दिलीय, लायसन्स. परवानगी कधीही काढून घेता येते. मग सरकारनं कायदाच बदलला. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो जो असा लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू ठरला. एका तारखेला परवानगीवाल्यांचे भाडेकरू झाले! त्यानंतर काय झालं असेल? ज्याच्याकडे रिकामं घर होतं त्यानं कुलूप लावून ठेवलं. ती धास्ती अजून गेलेली नाही. कायदा १९९९ ला पुन्हा बदलला, पण भीती सासऱ्याकडून सुनेकडे तशीच आली.

आताचा कायदा तसा मालकाच्या बाजूनं भक्कम आहे, हे आपल्याला माहीत असलेलं बरं. कलम २४. लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, साध्या दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता खूप जवळचा आहे, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहाल त्याचं दुप्पट भाडं. आणि लेखी करारात जे लिहिलंय ते पुरावा म्हणून अंतिम. म्हणून सही करण्याआधी वाचायचं. सही केल्यावर "तुम्ही तर म्हणाला होतात" याला काही अर्थ राहत नाही.

मग मी करार वाचला. कोड रिव्ह्यू करतात तसा वाचला, खरं सांगते. लाल पेनानं. त्यात पहिलं वाक्य होतं, "तपासणीनंतर मालक डिपॉझिट परत करेल." कधीपर्यंत? लिहिलेलंच नाही. आमच्या भाषेत, टाइमआउट नाही. प्रोग्रॅम असाच लटकत राहणार. मी लिहून घेतलं, चावी दिल्याच्या दिवशी, त्याच दिवशी. काकू म्हणाल्या, वीजबिल यायचं असतं ना. बरोबर आहे. महावितरणचं शेवटचं बिल येईपर्यंत २,००० रुपये ठेवा, बाकीचे त्याच दिवशी. हे दोघींनाही पटलं.

दुसरं, लॉक-इन सहा महिने. कुणाला? फक्त मला. मग त्यांनी तिसऱ्या महिन्यात सांगितलं, भाचा येतोय, घर खाली कर, तर? दोघींना लॉक-इन असं केलं. तिसरं, पेंटिंग. "घर सोडताना एका महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी कापलं जाईल." २४० फुटांच्या खोलीला २७,००० चा रंग? ताजमहालाला देतात का? (हसते.) ते काढून टाकलं. रोजच्या वापरानं जी झीज होते ती मालकाची, मी मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं काही तोडलं तर माझं, असं लिहिलं. गीझर, एसी, मोटर बिघडली तर कोण दुरुस्त करणार हेही लिहिलं. आधीच्या घरात गीझर मीच दोनदा दुरुस्त केला होता.

चौथी अट होती, "रात्री ९ नंतर पुरुष पाहुण्यांना परवानगी नाही." मी म्हटलं, "काकू, माझे वडील पुरुषच आहेत, आणि जालन्याहून एसटीनं निघाले की रात्रीच पोचतात." त्या हसल्या आणि "कुटुंबातील सदस्य वगळून" असं घातलं. अट पूर्ण निघाली नाही. मला ती आवडलेली नाही, आजही नाही. पण तेवढ्यावर मी घर सोडलं नाही, हेही खरं. सगळं मिळत नाही. काय सोडायचं आणि काय नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी पैशाच्या अटींवर अडून बसले, या अटीवर नाही. दुसरी कुणी उलटं करेल.

सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मी द्यावा असं होतं. तो असतो मालक स्वतः राहत नाही म्हणून, तेव्हा देणं मालकाचं. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार सोसायटीला तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काकूंनी सोसायटीचं बिल काढून दाखवलं, रक्कम इतकी छोटी होती की त्याच म्हणाल्या, राहू दे, मी भरते.

आता नोंदणीचा खर्च, ज्याच्यासाठी आमच्या पहिल्या मालकांनी हात आखडला होता. हिशेब करूनच दाखवते. मुद्रांक शुल्क असतं पाव टक्का, म्हणजे ०.२५. कशावर? संपूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज. माझं भाडं २७ हजार, अकरा महिन्यांचे २,९७,०००. डिपॉझिट ८१ हजार, त्याचं अकरा महिन्यांचं व्याज ७,४२५. बेरीज ३,०४,४२५. त्याचा पाव टक्का, ७६१ रुपये, वर पूर्ण शंभरात धरा, ८००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. झाले १,८००. एजंट घरी मशीन घेऊन येतो, दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे घेतो, त्याची फी वेगळी. सगळं ऑनलाइन, निबंधकाच्या कार्यालयात जावंही लागत नाही. अर्धा खर्च मी दिला, अर्धा काकूंनी. १,८०० रुपये वाचवायला आम्ही तिघींनी ४४ हजार घालवले होते!

हां, आणि ज्यांना एचआरए घ्यायचाय त्यांच्यासाठी. नव्या कर पद्धतीत एचआरएची सूट नाही, जुन्यातच आहे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. एक मालक मला म्हणाले होते, "पॅन मिळणार नाही, भाडं रोख द्या." तो फ्लॅट याच्यापेक्षा मोठा होता. मी घेतला नाही. भाडं बँकेतून गेलं की प्रत्येक महिन्याची पावती आपोआप राहते, रोख दिलं की नुसती आपली आठवण.

चावी मिळाली त्या दिवशी मी सामान आत आणायच्या आधी सात मिनिटांचा व्हिडिओ काढला. प्रत्येक भिंत, नळ, पलंगाचा पाय, कपाटाच्या आतला ओरखडा. काकूंना त्याच दिवशी ईमेल केला, "आजची स्थिती अशी आहे." त्यांनी उत्तर दिलं, "ओके बेटा." या दोन शब्दांना माझ्या लेखी फार किंमत आहे.

आता दादांची गोष्ट. दादा म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना दादाच म्हणतो. अंबड तालुक्यात आमची शेती आहे, कापूस आणि थोडी मोसंबी. ते घर बघायला आले तेव्हा खांद्यावर मोसंबीचं पोतं. गेटवरचा वॉचमन त्यांची ॲपमध्ये एंट्री करत होता, गाव विचारलं, आणि तो निघाला मंठ्याचा. दोघं अर्धा तास गेटवरच बोलत उभे, मी वर खिडकीतून बघतेय. पोत्यातली पहिली मोसंबी त्यालाच गेली.

वर आले. खोली बघायला काही वेळ लागत नाही, उभं राहिलं की सगळी दिसते. दादांनी विचारलं, "बाकीचं घर कुठंय?" मी म्हटलं, एवढंच. मग भाडं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मनात बारानं गुणलं असणार, ३,२४,०००, कारण बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री मी त्यांना करार दाखवला. मी किती हुशारीनं सगळं लिहून घेतलं हे मला दाखवायचं होतं, कबूल करते. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान बघितलं. म्हणाले, "लायसन? अगं माय, लायसन बंदुकीचं असतंय, दारूच्या दुकानाचं असतंय. घराचं कसलं लायसन?"

मी त्यांना ते सगळं सांगितलं. १९४७, १९७३, काकूंच्या सासऱ्यांचा वाडा. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. एका मिनिटात समजलं. म्हणाले, "कूळ लागन म्हणून भेऊ लागल्यात त्या. मंग बरोबरंय त्यांचं."

कूळ. आमच्या मराठवाड्यात हा शब्द लहान मुलालाही कळतो. निजामाच्या राज्यातून आलो तेव्हा १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आमच्याकडे लागू झाला, कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला. चांगलंच झालं. पण तेव्हापासून ज्याची जमीन आहे तो घाबरून असतो. आमची चार एकर दादांनी बटईनं दिलीय, निम्मं पीक त्याचं, निम्मं आमचं. कागद नाही. गुढीपाडव्याला तोंडी ठरतं. आणि सातबाऱ्यावर, पीकपेऱ्याला बटईदाराचं नाव कधी लागू द्यायचं नाही, ही पहिली काळजी. दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलायचा. म्हणजे कोरेगाव पार्कातल्या काकू आणि अंबडचे आमचे दादा, दोघंही एकाच गोष्टीला भितात. एक अकरा महिने लिहितात, दुसरे काहीच लिहीत नाहीत.

मी सहज विचारलं, "दादा, अतिवृष्टी झाली, कापूस गेला, तर अनुदान कुणाच्या खात्यात येतं?"

"ज्याचा सातबारा त्याच्या."

"आणि पेरणीचा निम्मा खर्च कुणाचा?"

दादा काही बोलले नाहीत. बाहेर वॉचमनची शिट्टी वाजत होती. मग म्हणाले, "मागल्या साली मी त्याला त्यातले दिले होते." किती, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा आमच्या त्या पहिल्या मालकांचा सोफा आठवत होता.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेले. जाताना करार परत मागितला, डिपॉझिटची ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, हे बरं लिहिलं. विषय संपला असं मला वाटलं.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसातून मेट्रोत होते तर त्यांचा फोन. आवाज येत नव्हता, बंडगार्डनला उतरून परत लावला. म्हणाले, "ते तुझं अकरा महिन्याचं कागद, ते शेतीला चालतंय का?" मी म्हटलं, नाही दादा, तो कायदा घराचा आहे, शेतीचा वेगळा. पण कामून विचारताय? तर बटईदाराला पीक विमा काढायचा होता. पीक विमा कसणाऱ्यालाही काढता येतो, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. त्यानं दादांना विचारलं होतं, आणि दादांनी त्याला "बघतो" म्हटलं होतं.

"मंग त्याच्यात काय काय लिहावं लागतंय, ते वकिलाला विचार अन् सांग," म्हणाले. "कूळ लागणार नाही असं लिहिता येतं का, ते आधी विचार."

विचारतेय. अंबडच्या एका वकिलांशी शनिवारी बोलणार आहे, ते हो म्हणाले तर पुढच्या भागात त्यांनाच बोलवते. तुमच्याकडे कुणाची जमीन बटईला असेल, किंवा तुम्ही स्वतः कसत असाल, तर प्रश्न पाठवून ठेवा, व्हॉइस नोट चालेल, छोटी करा. आणि स्टुडिओवाल्यांनो, टेप घेऊन जा.